ईमॅक्स आणि येळवस

ईमॅक्स उघडणं आणि ईमॅक्समध्ये काम सुरू करणं, यांच्यामध्ये अर्धी सकाळ जाते. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध आलेला नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि एवढंच समजून घ्यावं की प्रोग्रॅम लिहायचा हा एक एडिटर आहे. १९७६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्मला. रिचर्ड स्टॉलमनचा जीएनयू ईमॅक्स, म्हणजे आज आम्ही वापरतो तो, १९८५चा. वयानं माझ्यापेक्षा मोठा असल्यानं घरातल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे त्याच्या सवयी त्याच्या, आणि बदलायचं ते आपण. सगळ्या जगात कंट्रोल-सी दाबलं की कॉपी होतं. इथं दाबलं की हा ‘बरं, पुढं?’ अशा चेहऱ्यानं पुढच्या बटणाची वाट बघत बसतो.

पुण्यातल्या टीममधली सगळी पोरं व्हीएस कोड नावाचा दुसरा एडिटर वापरतात. ‘सर, तुम्ही अजून त्याच्यावरच?’ असं विचारताना त्यांचा आवाज दवाखान्यात भेटायला आल्यासारखा असतो. मी लातूरात घरी बसून काम करतो, त्यामुळे निदान चेहरे बघावे लागत नाहीत.

ईमॅक्स सुटत नाही, कारण त्यातलं जवळपास काहीही बदलता येतं, तेही तो चालू असताना. लिस्प नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, की झालं. त्या दोन ओळीही कुणीतरी आधीच लिहिलेल्या असतात. २०१२च्या चोविसाव्या आवृत्तीपासून पॅकेज, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेली अशी तयार जोडणी, मागवायची सोय आतच आली, आणि मेल्पा नावाच्या भांडारात हजारो पॅकेजं आहेत. ती लिहिणारी माणसं आपापली नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट लिहितात. फुकट असल्यामुळे भांडताही येत नाही.

पॅकेज म्हणजे येळवशीचं, आमच्याकडच्या वेळा अमावस्येच्या सणाचं, आमंत्रण. शेतात जेवायला एकाला बोलवावं, तर तो मेहुणा, मेहुण्याचा मित्र आणि त्या मित्राची दोन लेकरं घेऊन येतो. मी फक्त मॅजिट मागितलं, गिटचं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवायचं, काम सोपं करणारं. त्याच्या मागं ट्रान्झियंट आलं, विथ-एडिटर आलं, मॅजिट-सेक्शन आलं, कॉम्पॅट आलं. मोबाईलचं नेट असलं की खालच्या पट्टीत ‘कॉन्टॅक्टिंग होस्ट’ एवढंच बराच वेळ दिसतं. तेवढ्यात लाईट जाते.

मग नटवणं सुरू होतं. खालच्या पट्टीत सुंदर चिन्हं दाखवणारं पॅकेज घेतलं, तर चिन्हांच्या जागी चौकोनी डबे दिसायला लागले, कारण फॉन्ट वेगळा उतरवायचा असतो आणि हे ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत. न्यान-मोड नावाचं एक आहे. फाईलमध्ये आपण कुठवर पोचलो ते एक उडणारी मांजर दाखवते, शेपटीमागं इंद्रधनुष्य सोडत. कामाला याचा शून्य उपयोग. ते मी सगळ्यात आधी बसवलं.

२०२२च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून तर पॅकेज यंत्राच्या भाषेत कंपाईल करायची सोय आली. वेग वाढला, हे मान्य. पण ते काम मागं चालू असताना मध्येच खिडकी अर्धी फाटते आणि त्यात सूचना येतात. अमक्या पॅकेजच्या वर्णनातली एक ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब आहे. लिहिली कुणी तर परदेशातल्या कुण्या भल्या माणसानं, आणि सुनावणी लातूरात माझ्यापुढं. खिडकी बंद केली की दुसऱ्या पॅकेजची लांब ओळ हजर.

अन् ज्या दिवशी क्लायंटला काहीतरी दाखवायचं असतं, नेमकं त्याच दिवशी ‘सिम्बॉल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड’ असं म्हणून हा आडवा पडतो. उपाय एकच. आपले सगळे बदल ज्या इनिट फाईलमध्ये असतात तिचा अर्धा भाग बंद करायचा, ईमॅक्स पुन्हा सुरू करायचा. उठला नाही तर रोग उरलेल्या अर्ध्यात. त्याचं पुन्हा अर्धं. अशात एखाद्यानं एम-एक्स डॉक्टर अशी आज्ञा दिली तर आतला मानसोपचारतज्ज्ञ उघडतो आणि आस्थेनं विचारपूस करतो. तो मात्र कधीच मोडत नाही.

अण्णा हे सगळं मागच्या खुर्चीवरून बघत असतात. २०२४च्या डिसेंबरात त्यांनी विचारलं, “दिवसभर त्याच्यात डोकं घालून बसायलास, येळवस कधी हाय ते तरी सांगतंय का ते?”

ही संधी मी सोडणार नव्हतो. ईमॅक्सच्या कॅलेंडरमध्ये माया लोकांची तारीख मिळते, फ्रेंच राज्यक्रांतीतली मिळते, इथिओपियाची मिळते. चतुर्थी-एकादशी मिळत नाही, पण चंद्राच्या कला मिळतात, आणि येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. मोठा एम दाबला. उत्तर आलं: मंगळवार, ३१ डिसेंबर, पहाटे चारच्या सुमारास.

“सोमवारी हाय,” अण्णा म्हणाले. “कडब्याची कोप सोमवारी घालायची, अन् तुझं मशीन मंगळवार मनायलंय?” कोप म्हणजे शेतातली झोपडी.

मशीन तसं खोटं बोलत नव्हतं. ते सांगतं तो सूर्य-चंद्राच्या युतीचा क्षण, आणि त्या क्षणी आपली अमावस्या संपते. दिवस धरायचा तर त्या आधीचा सूर्योदय बघायला हवा. ईमॅक्सला लातूरचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्योदयही सांगतो. क्लायंटचं काम बाजूला ठेवून मी हा हिशोब करणारं फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिलं. उत्तर आलं, सोमवार, ३० डिसेंबर. सोमवारी आम्ही शेतात भज्जी आणि आंबिल खाल्लं, आणि आंबिलापेक्षा मला फंक्शनचीच जास्त चढली. हे मेल्पावर टाकायचं, असं मी चुलतभावांना सांगूनही टाकलं.

“पुढल्या साली कधी मनतंय?” अण्णा.

२०२५ची अमावस्या २० डिसेंबरला सकाळी सव्वासातच्या आसपास संपणार. सूर्योदय सातच्या आत. फंक्शन म्हणालं, २० तारीख, शनिवार.

“अन् दुपारी जेवायला बसताव तवा अमावस्या कुठाय? सकाळीच सरली की! पाहुण्याला काय प्रतिपदेचं आंबिल पाजवू?”

यावर लिस्पमध्ये उत्तर नव्हतं. सूर्योदय काढून टाकला आणि तिथं दुपारचा एक घातला, अण्णांची जेवणाची वेळ. आता फंक्शन दोन्ही सालांचं बरोबर सांगतं, २०२५ची १९ तारीख. अक्षांश-रेखांशांची गरजही उरली नाही. मेल्पावर टाकण्याआधी प्रत्येक फंक्शनला वर्णन जोडावं लागतं, म्हणून दुपारचा एकच का, ते कोप, भज्जी, पाहुणे आणि अण्णांसकट सविस्तर लिहिलं. कंपाईल केलं. खिडकी अर्धी फाटली: ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब आहे.