‘नेटवर आहे ना, मग घ्या’ : टेक्स्ट मायनिंगबद्दलचा एक घातक सल्ला

संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरत असतो : ‘नेटवर जे उघड आहे ते सगळ्यांचं. जर्नलचे पैसे लायब्ररीने भरलेत. वाचणार प्रोग्रॅम, काम संशोधनाचं, नावं काढून टाकली की झालं. परवानगी कशाला?’ लाखो लेख किंवा पोस्ट संगणकाकडून चाळून घेणाऱ्या कामाला, म्हणजेच टेक्स्ट मायनिंगला, माझा पूर्ण पाठिंबा आहे. म्हणूनच हा सल्ला खोडून काढायला हवा.

उघड ते सगळ्यांचं, हे कायद्याला मान्य नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. मजकूर संगणकात साठवणं हासुद्धा त्या हक्काचाच भाग आहे, आणि मायनिंगची पहिली पायरी नेमकी तीच असते.

‘आम्ही मजकूर नाही, माहिती काढतो’ या म्हणण्यात मात्र दम आहे. तथ्यांवर कुणाची मालकी नसते. पण ती काढायला आधी प्रत करावीच लागते. ब्रिटनने २०१४मध्ये, जपानने २०१८मध्ये आणि युरोपीय संघाने २०१९मध्ये त्यासाठी कायद्यात स्पष्ट सवलत दिली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी वापर आणि संशोधनासाठी ‘उचित वापरा’ची मुभा आहे, मायनिंगचा वेगळा उल्लेख नाही. जेएनयूत, माहिती सर्वांना खुली व्हावी म्हणून झटणारे अमेरिकी कार्यकर्ते कार्ल मालामुद यांच्या पुढाकाराने ७.३ कोटी शोधलेखांचा साठा उभा राहत असल्याचं २०१९मध्ये समोर आलं. तिथेही लेख वाचायला वा उतरवून घ्यायला द्यायचे नाहीत, फक्त संगणकाने चाळायचे, अशीच योजना होती. इतकी काळजी त्यांनी उगाच घेतली नव्हती.

लायब्ररीने पैसे भरलेत, पण कशाचे? करार वाचा. प्रोग्रॅम लावून घाऊक डाउनलोड करायला त्यात बहुधा मनाई असते, आणि एकाच्या उद्योगापायी अख्ख्या संस्थेचा अ‍ॅक्सेस बंद होऊ शकतो.

सर्वांत धोकादायक भाग आहे तो नावं काढण्याचा. २००६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांनी सर्चमध्ये टाकलेले दोन कोटी शोध जाहीर केले. नावांच्या जागी क्रमांक होते. पण माणसं आपलं गाव, आडनाव, दुखणं, सगळंच शोधतात. एका क्रमांकाचे शोध जुळवत पत्रकार काही दिवसांत थेट एका वयस्क बाईंच्या घरी पोहोचले. कंपनीने फाइल मागे घेतली, तोवर तिच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या. पोस्टचंही तसंच : एखादं वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाकलं की लिहिणारा सापडतो. मराठीत तर तालुका, बोलीतला एखादा शब्द आणि आजाराचं नाव एवढ्यावरही ओळख पटू शकते.

‘लोकांनी स्वतःच टाकलंय ना?’ २०१६मध्ये ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७०,००० जणांची माहिती जाहीर करणाऱ्या संशोधकांनीही हेच सांगितलं होतं. आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदाही माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. पण गर्भपाताबद्दल किंवा नैराश्याबद्दल लिहिणारी बाई तेच सोसलेल्या बायकांशी बोलत असते. तिने तुमच्या प्रबंधाला संमती दिलेली नाही.

तेव्हा काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीकडे जा, ज्या ऑनलाइन ग्रुपमधल्या पोस्ट घ्यायच्या तो चालवणाऱ्यांना विचारा, अवतरणं शब्दशः छापू नका, मूळ मजकुराऐवजी आकडेवारी प्रसिद्ध करा. आणि कलम ५२मध्ये संशोधकांसाठी मायनिंगची स्पष्ट तरतूद व्हावी, ही मागणी उघडपणे, सह्यांनिशी करा.