गोड वाइन आणि साखरेचा पाक : शेनिन ब्लाँविषयीच्या एका संदेशाला उत्तर

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला की नाशिककरांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो : "गोड वाइन म्हणजे बाजारात न खपलेल्या द्राक्षांचा रस आणि वरून ओतलेला साखरेचा पाक, खरी वाइन कोरडीच असते." (कोरडी म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही, अशी वाइन.) यात तीन विधाने एका दमात उरकली आहेत आणि ती सुटी करूनच तपासावी लागतात.

संदेशाचा सारा भार पाकावर आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. नाशिक परिसरात 'लेट हार्वेस्ट' वाइनसाठी प्रामुख्याने वापरतात ते पांढरे द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लाँ. नेहमीची काढणी उरकल्यावरही त्याचे काही घड वेलीवर राखले जातात. उन्हाने मण्यांतले पाणी उडते, मणी बेदाण्याच्या वाटेवर सुरकुततात आणि उरलेला रस दाट होतो. पुढचा हिशेब साधा आहे. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की मद्यार्क १ टक्का वाढतो. रसात लिटरमागे ३०० ग्रॅम साखर असेल आणि टाकी थंड करून, यीस्ट गाळून किण्वन (रस आंबण्याची क्रिया) १२ टक्के मद्यार्कावर थांबवले, तर सुमारे २०० ग्रॅम साखर खर्ची पडते आणि १०० ग्रॅम द्राक्षाचीच साखर वाइनमध्ये राहते.

वाइनसाठी साखर घालण्याची रीत जगात आहे, हे मान्यच केले पाहिजे; फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांच्या नावाने ती ओळखली जाते. परंतु ती थंड प्रदेशांतली, द्राक्षे पुरती पिकत नाहीत तेथली रीत आहे, आणि ती साखर यीस्ट खाऊन टाकत असल्याने तिच्यामुळे मद्यार्क वाढतो, गोडी नव्हे. नाशिकच्या मार्चमधल्या उन्हात साखरेची वाण पडत नाही, पडते ती आम्लतेची. शेनिनची निवड होते ती उन्हातही आम्लता बऱ्यापैकी धरून ठेवते म्हणून, कारण आम्लतेवाचून गोडी नुसती चिकट लागते. स्वस्तातल्या काही गोड बाटल्यांत साखर घातलेली असू शकते, पण त्यांचा दोष वेलीवर पिकवलेल्या गोडीला लावता येत नाही.

न खपलेल्या द्राक्षांची गोष्ट तर कोणताही बागायतदार हसून उडवील. बाजारात जातात ती थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही बिनबियांची द्राक्षे, जीए (जिबरेलिक आम्ल हे वाढ-संजीवक) देऊन आणि विरळणी करून फुगवलेली. शेनिनचा मणी लहान, बियांचा आणि घड गच्च असतो. त्याची बाग वाइनसाठीच लावलेली असते. शिवाय घड वेलीवर ठेवणे म्हणजे वजनावर पाणी सोडणे आणि पाखरे, अवकाळी पाऊस, गारपीट यांची जोखीम पत्करणे. उरलासुरला माल खपवण्यासाठी इतका उपद्व्याप कोणी करीत नाही.

राहिला कोरडेपणा. शेनिनचे मूळ घर फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे. तेथे वुव्रे येथे याच द्राक्षाची कोरडी, गोड आणि फसफसती अशी तिन्ही प्रकारची वाइन होते, तर त्याच खोऱ्यातल्या कोतो द्यु लेयाँ या भागाची ओळखच गोड वाइनची आहे. सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन मिळाले की बॉट्रायटिस ही बुरशी तेथे मणी आटवते व गोडी दाट करते. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांवर त्याच बुरशीसाठी फवारणी करावी लागते, हा एक गमतीचा विरोधाभास. नाशिकमध्येही शेनिनची कोरडी वाइन होतेच. गोड बाटलीसाठी त्याच जातीचे घड काही आठवडे अधिक वेलीवर राहिलेले असतात.