भूत समजून मारलं, तर?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर काल वाद पेटला तो संत्याच्या पाहुण्यावरनं. त्यानं पार्किंगमधनं दुसऱ्याचीच काळी गाडी नेली. झिजलेली चावी लागली, हा बसला आणि सुटला. मालकानं चोरीची तक्रार ठोकली.

"आपलीच वाटली त्याला," संत्या म्हणाला.

"वाटलं-बिटलं कोर्टात चालत न्हाई मर्दा," बापू.

हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात जो तो अर्धा वकील झालाय. आमच्यात अण्णा तेवढे पूर्ण. "चालतं की. लबाडीची नियत नसंल तर चोरीच होत न्हाई. त्याची स्वतःची गाडी कुठाय?"

"तिथंच, पार्किंगमधी."

"मग फोटो काढून ठेव म्हणावं. पुरावा हाय तो."

मग अण्णांनी ओडिशाची केस काढली. बालासोर जिल्ह्यातल्या ओसाड विमानतळावर भुतं असतात असा गावाचा समज. रात्री उजेड हलताना दिसला आणि रामबहादूर थापा खुकरी घेऊन तुटून पडला. समोर होत्या मोहाची फुलं वेचायला आलेल्या बायका. एक मेली. खालच्या कोर्टानं त्याला सोडलं, हायकोर्टानंही ते कायम ठेवलं. जुन्या दंड संहितेचं कलम ७९: परिस्थिती ओळखण्यात झालेली चूक.

"७९ न्हवं, आता १७," अण्णांनीच दुरुस्ती केली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, अजून त्यांच्या तोंडात जुनेच आकडे.

"म्हणजे भूत म्हणायचं आणि सुटायचं?" बापू उसळला.

"मनापासून वाटलं पाहिजे, आणि काळजी घेऊन वाटलं पाहिजे. पण आणखी काळजी घेतली असती तर टळलं असतं, एवढ्यावरनं बचाव जात न्हाई, असं कोर्ट म्हणालं."

मला हे अजून पटलेलं नाही. खुकरी उपसण्याआधी एक हाक मारायला काय जात होतं?

"आणि कायदाच म्हाईत नसला तर?" संत्या.

"तिथं सुट्टी न्हाई," म्हणत अण्णांनी दुसरी केस काढली. नोव्हेंबर १९६२. झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन माणूस मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर सापडला, जाकिटात ३४ किलो सोनं. वाटेत नेतानाही सोनं विमानाच्या कागदात दाखवायचं, हा नियम चारच दिवसांपूर्वी राजपत्रात आलेला. हायकोर्टानं सोडलं, सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक असं दोषी धरलं. शिक्षा मात्र भोगली तेवढ्यावरच भागवली. विरोधी मत न्यायमूर्ती सुब्बारावांचं: जाणूनबुजून मोडला नसेल तर गुन्हा नाही.

"झुरिकात आपलं राजपत्र कोण वाचतंय?" संत्या तापला.

"हितं तरी कोण वाचतंय?" बापू म्हणाला. "पण म्हणून सोडलं तर उद्या परत्येक जण 'म्हाईत नव्हतं' म्हणंल."

कट्ट्यावर सुब्बारावांच्या बाजूनं आम्ही तिघं, सुप्रीम कोर्टाच्या बाजूनं एकटा बापू.