११ एकर बंदुका आणि एक ओढणी

गन शो म्हणजे अमेरिकेत भरणारा बंदुका-काडतुसांचा बाजार. तिथे पहिल्यांदा निघालेल्या बाईने आधी ओढणी घरी ठेवावी. लोंबता स्कार्फ, सैल बाह्या, झालरीचं जाकीट, सगळं घरीच. टेबलावर काडतुसं उभी मांडायची विक्रेत्यांना फार हौस असते, दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडावेत तशी, एकाशेजारी एक. पलीकडचं काही बघायला आपण वाकलो आणि ओढणीचं टोक त्यांच्यावरून फिरलं, की निम्मं सैन्य धारातीर्थी. मग चष्मा सावरत काँक्रीटच्या फरशीवर रांगायचं आणि उचललेलं प्रत्येक काडतूस कुठल्या मापाचं, ते तळाशी कोरलेल्या मुंगीएवढ्या अक्षरांवरून लावायचं. विक्रेता हसत हसत "काही हरकत नाही" म्हणतो आणि आपल्यादेखत सगळं पुन्हा तपासतो. ते हसणं सोसवत नाही.

पायात जाड तळाचे बंद बूट हवेत. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये जो शो भरतो, तो एका छताखाली ११ एकरांत. आपल्याकडे ११ एकरांचा मालक म्हणजे लग्नाच्या बाजारात तालेवार स्थळ. इथे तेवढ्या जागेत ४,००० हून जास्त टेबलं असतात. एक टेबल ८ फुटी धरलं तर सरळ रांग पावणेदहा किलोमीटरची होते. इतर गावांतले शो जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये भरतात, टेबलं काहीशेच. पण फरशी तशीच थंडगार कडक आणि कंबर आपलीच.

दारात पोलीस असतो. बरोबर स्वतःची बंदूक आणलेल्यांची वेगळी रांग असते: बंदूक रिकामी आहे ना ते बघतात आणि चालू होऊ नये म्हणून तिच्या यंत्रणेतून प्लॅस्टिकचा बंद ओवून करकचून आवळतात. हजारो बंदुका असलेल्या जागेत भरलेली बंदूक नेता येत नाही, हे ऐकून नवखीचा जीव भांड्यात पडतो. आपल्याकडे बंदूक नसते, त्यामुळे आपली सुटका तिकीट आणि मनगटावरच्या शिक्क्यावर होते. तिकिटाचे पैसे रोख ठेवा.

आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा वास येतो: बंदुकीचं तेल, कोरं चामडं आणि दालचिनी-साखरेत घोळलेले गरम बदाम. हे तिन्ही वास एकाच नाकाने घ्यायची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. बंदुकांच्या मधेमधे सुऱ्या, जुनी नाणी, बिडाचे तवे आणि सुकवलेल्या गोमांसाच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचा विक्रेता कात्रीने तुकडा कापून नमुना पुढे करतो. ज्यांना चालत नाही त्यांनी तोंडाआधी पाटी वाचावी.

आता मुख्य गोष्ट, हात लावण्याची. साडीच्या दुकानात आपण "ती वरची दाखवा" म्हणतो आणि भाऊ पदर उलगडायच्या आत पोत चिमटीत धरून बघतो. इथे तसं नाही. आधी विचारायचं, विक्रेत्याने बंदूक हातात दिली तरच घ्यायची. घेतल्यावर बोट चापावर नाही, चापाच्या कड्याबाहेर, चौकटीवर सरळ. नळीचं तोंड छताकडे किंवा जमिनीकडे, समोरच्या काकांच्या पोटाकडे कधीच नाही. रिकामी आहे असं दहा जणांनी सांगितलं तरी ती भरलेलीच आहे असं समजून वागायचं. याबाबतीत तो अख्खा हॉल एका जातीचा आहे, कोणी शिथिल नाही. जुन्या, निळसर झाक दिलेल्या बंदुकीला धातूवर हात लावू नये, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून तिथेच राहतात. लाकडाला धरावं. न विचारता चाप ओढून "टक्" करून बघू नये. पॉइंट २२ च्या, म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीच्या, बऱ्याच बंदुकांत आत काडतूस नसलं की पिन थेट नळीच्या काठावर आपटते, तिथे खळगा पडतो, पिनही मोडते. आणि सिनेमात मनगटाच्या झटक्याने रिव्हॉल्व्हरची चकती बंद करतात, ते तर मुळीच नको. ज्या दांडीवर ती चकती फिरते ती झटक्याने वाकते. मग भोकं नळीच्या नेमकी समोर येत नाहीत. ऐटीचा एक झटका, दुरुस्ती मालकाच्या खिशातून.

एवढं पाळलं की विक्रेता आपल्याला गंभीरपणे घेतो, आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते. कारण तो टेबलाखालून गुलाबी पिस्तूल काढतो.

गुलाबी नसलं तर जांभळं. नाहीतर बोटभर नळीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, "पर्समध्ये मावतं, हलकं आहे, बायकांसाठी एकदम छान." पर्समध्ये मावतं हे खरं, हलकं आहे हेही खरं, आणि नेमकी तीच भानगड आहे. गोळी पुढे जाते तितक्याच जोराने बंदूक मागे येते. तो जोर सोसायला वजन लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं तसलं रिव्हॉल्व्हर साधारण ४२५ ग्रॅमचं, मधल्या आकाराचं ९ एमएम पिस्तूल रिकामं ६७० ग्रॅमच्या आसपास. हलक्यातला धक्का तळहातावर छडी बसल्यासारखा लागतो. शिवाय त्याचा चाप ओढायला १२ पौंडांच्या आसपास जोर लागतो, म्हणजे एका बोटाने साडेपाच किलो. तेवढ्यात नळी हलते आणि नेम चुकतो तो बोटामुळे, मग दोष बाईच्या हाताला. मला विचाराल तर नवखीने सुरुवात पॉइंट २२ च्या भरभक्कम पिस्तुलाने करावी. धक्का नावापुरता, गोळ्या स्वस्त. पण पॉइंट २२ मागितलं की विक्रेत्याचा चेहरा, कांदेपोह्यांना जाऊन फक्त पाणी मागितल्यासारखा होतो.

दुसरी परीक्षा स्लाइडची. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडायचा, की गोळी नळीत चढते. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायला गेलात तर ती जागची हलत नाही, आणि विक्रेता लगेच "म्हणूनच रिव्हॉल्व्हर म्हणत होतो" म्हणून मोकळा होतो. त्याला म्हणावं, जरा थांब. पिस्तूल छातीजवळ आणायचं, तोंड मोकळ्या दिशेला. डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून पलीकडे नेऊन मूठ घट्ट आवळायची आणि स्लाइड न ओढता उजव्या हाताने खालची मूठ पुढे ढकलायची. वरवंटा ढकलतो तसं. दंडातली ताकद चिमटीत कधीच नसते. बांगड्या मात्र काढून ठेवा. आणखी एक गोम: छोटं पिस्तूल म्हणजे हलकी स्लाइड, आणि हलकी स्लाइड आवरायला स्प्रिंग जास्त कडक. म्हणजे बायकांसाठी म्हणून विकलेलं चिमुकलं पिस्तूल ओढायला दांडग्या पिस्तुलापेक्षा जड जातं. हे टेबलामागच्या माणसाला माहीत नसतं असं नाही.

बंदूक ठेवायच्या पर्सेसचं एक अख्खं टेबल असतं, चामड्याच्या, सुबक, लपवलेल्या कप्प्याच्या. बघायला जा, घ्यायला नको. पर्स चोराने हिसकावली की बंदूकही गेली. शिवाय त्या कप्प्यात किल्ली किंवा लिपस्टिक शिरली आणि चापाच्या कड्यात अडकली तर काय होईल, हे मी लिहायची गरज नाही.

गोळ्यांच्या टेबलापाशी गणित लागतं. पिस्तुलाच्या गोळ्या सहसा ५० च्या खोक्यात, रायफलच्या २० च्या. पाटीवरचा भाव खोक्याचा असतो, त्याला भागून एका गोळीचा काढावा, मग दुसऱ्या टेबलाशी ताडून बघावा. "९ एमएम" एवढंच म्हणाल तर फसाल: ९ बाय १७, ९ बाय १८, ९ बाय १९ (पहिला आकडा जाडीचा, दुसरा पितळी नळकांडीच्या लांबीचा) अशी तीन भावंडं आहेत आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बंदुकीच्या नळीवर कोरलेलं आणि खोक्यावर छापलेलं अक्षरन् अक्षर जुळलं तरच घ्यायचं. शॉटगनचं, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीचं, २० गेजचं काडतूस पिवळं असतं ते शोभेसाठी नाही. गेज हे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. ते चुकून १२ गेजच्या बंदुकीत गेलं तर घसरून पुढे नळीत अडकतं. मागे १२ चं काडतूस मावतंच, आणि चाप ओढला की नळी फुटते. पिवळा रंग ती चूक डोळ्यांना दिसावी म्हणून. आणि झिपच्या पिशवीत सुट्या, घरी भरलेल्या गोळ्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. आतली दारू कोणी, किती, कुठल्या तंद्रीत मोजली कोण जाणे. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, दुप्पट पडली तर पिस्तूल हातात फुटतं. लोणचं ओळखीच्या घरचंच खावं, त्यातला प्रकार.

मोठी खोकी स्वस्त पडतात म्हणून ९ एमएमच्या १,००० गोळ्या उचलायच्या असतील तर वजन लक्षात घ्या: साधारण १२ किलो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. पार्किंग शेवटच्या टोकाला. जाणती मंडळी चाकांची ढकलगाडी घेऊन येतात ती उगाच नाही.

जुन्या लष्करी मालाच्या टेबलावर मात्र रेंगाळावं. पॉइंट ३०३ ची पितळी काडतुसं दिसली तर एक उलटं करून तळ बघा. "के एफ" अशी दोन अक्षरं असली तर ते पुण्याच्या खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीचं ते खाद्य. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफलीही अमेरिकेतल्या हौशी लोकांकडे असतात. त्यातली २ए१ दिसायला थ्री-नॉट-थ्रीची जुळी, पण गोळी खाते ७.६२ नाटोची. तेव्हा माहेरचं दिसलं म्हणून खडकीचं खोकं आणि ईशापूरची २ए१ यांची सोयरीक जुळवू नका. आणि जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार बऱ्याचदा नळीत मागे राहतात, ते हवेतली ओल ओढतात आणि दोन दिवसांत गंज चढतो. नुसत्या तेलाने क्षार विरघळत नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

गल्लीतून काही लोक खांद्यावर रायफल घेऊन नुसते फिरताना दिसतील. नळीत काडी, काडीला कागदाची पताका, तिच्यावर किंमत. वारीला निघाल्यासारखे. हे खासगी विकणारे. एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांच्या अशा व्यवहाराला केंद्राचा कायदा पार्श्वभूमीची तपासणी मागत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडोसारखी राज्यं मागतात. नवखीने पताकेमागे जाऊ नये. बंदूक उद्या अडली तर हा वारकरी कुठे शोधणार?

परवानाधारक विक्रेत्याकडे घ्यायची तर फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्र सरकारचा फॉर्म, भरावा लागतो. पिस्तुलाला वय २१ पूर्ण हवं, रायफल-शॉटगनला १८. दुसऱ्या राज्यातून आलेलीला पिस्तूल तिथे हातात मिळत नाही. ते तिच्या राज्यातल्या परवानाधारकाकडे पाठवावं लागतं. आपल्या मराठी मंडळींपैकी एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना घेणंही नाही आणि बाळगणंही नाही. शिकारीचा वैध परवाना हा एक अपवाद, पण तो नसेल तर हात पाठीमागे बांधूनच हिंडलेलं बरं. फॉर्मवर पूर्ण मधलं नाव लागतं, आद्याक्षर चालत नाही. वडिलांचं की नवऱ्याचं हा घोळ ओळखपत्र बघून आधीच मिटवावा. बंदूक स्वतःसाठीच घेताय ना, असा थेट प्रश्न असतो. भावजींना हवी म्हणून आपल्या नावावर घेणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. आणि त्या फॉर्मवर उंचीच्या शेजारी वजनाचा रकाना आहे, पौंडांत. अनोळखी माणसासमोर, शाईने.

मग विक्रेता पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर नाव पाठवतो. १९९८ पासून ही तपासणी अशीच चालते. बहुतेकींना काही मिनिटांत हिरवा कंदील. काहींना "थांबा" येतं, तेव्हा कामकाजाचे तीन दिवस धरायचे. शो मात्र रविवारी संध्याकाळी उठतो. रविवारी दुपारी भाव उतरतात, कारण माल परत लादायचा त्याच्याही जिवावर येतं. म्हणून घासाघीस तेव्हाच करावी. पण पैसे मोजण्याआधी टेबलावरच्या कार्डावर त्याच्या दुकानाचं गाव वाचा. "थांबा" आलं तर पिस्तूल आणायला तिथे जावं लागेल, आणि ते गाव टल्सापासून चार तासांवर असू शकतं.