‘चहा सोडा, घर होईल’: हा हिशेब सांगलीत बसत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय. वडिलांनी एका पगारात घर बांधलं, आजची पोरं चहा-नाश्त्यावर आणि मोबाईलवर पैसे उडवतात. तेवढे वाचवा, भाड्याच्या पैशात हप्ता भरा, नाहीतर गुंठा घेऊन बांधा. कुपवाड-मिरज एमआयडीसीत राबणाऱ्या पोरांना तो घरचेच काका-मामा पाठवतात, म्हणून उत्तर आकड्यांत देणं भाग आहे.

“चहा-नाश्त्याचे वाचवा.” रोजचे 40 रुपये म्हणजे वर्षाला 14,600. समजा फ्लॅट 25 लाखांचा आहे. बँकेने अगदी 90 टक्के दिले तरी अडीच लाख स्वतःचे लागतात. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी 25 हजार. हे दोन्ही बँक कर्जात धरत नाही. झाले सव्वाचार लाख. चहा सोडून ते जमवायला 29 वर्षं लागतील. खरेदी फक्त घरातल्या बाईच्या नावावर केली तर मुद्रांकात 1 टक्का सूट आहे, 25 हजार तिथेच वाचतात. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

“भाड्याएवढ्या हप्त्यात घर होतं.” हातात 25 हजार पडत असतील तर त्यातला साधारण 45 टक्के, म्हणजे 11,250 रुपये हप्ता बँक मान्य करते. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर त्यावर कर्ज बसतं साडेबारा लाख. फ्लॅटला हवेत साडेबावीस लाख, ज्यांचा हप्ता 20 हजारांच्या वर जातो. मुदत 30 वर्षं केली तर कर्ज जेमतेम 14 लाखांवर पोचतं आणि एकूण फेड मात्र 27 लाखांवरून साडेचाळीस लाखांवर जाते. त्यात ओव्हरटाइम रोखीत मिळत असेल तर बँकेच्या लेखी तो नाहीच.

मोबाईलचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. गाडी आणि मोबाईल मिळून 3 हजारांचा हप्ता चालू असेल तर घरकर्ज सव्वातीन लाखांहून जास्त घटतं. अर्जाआधी ते फेडून टाकावं आणि कर्ज फिटल्याचा ना हरकत दाखला हातात घ्यावा.

“गुंठा घ्या, खोली-खोलीने बांधा.” एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. 500 चौरस फुटांच्या आरसीसी घराला सुमारे 200 पोती सिमेंट आणि दोन टनांच्या आसपास सळई लागते. हे सगळेच मोजतात. हिशेब फसतो तो घराच्या पायाभरणीत. सांगलीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खर्च वाचवायला तीन फुटांवर दगडी पाया घातला की काही वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात, दारं चौकटीत अडकतात. मुरूम लागेपर्यंत खोदून फूटिंग (खांबाखालची काँक्रीटची बैठक) घ्यावं लागतं, वर सलग प्लिंथ बीम (जोत्याच्या उंचीवरची काँक्रीटची तुळई) लागतो. जोत्यात भराव मुरमाचाच हवा. खड्ड्यातून निघालेली काळी माती फुकट मिळते म्हणून परत भरली की फरशी उचलली जाते. शिवाय मंजूर नकाशा नसेल तर बँक घरकर्ज देत नाही. गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जागा असेल तर नियमितीकरणाचा दाखला आधी बघावा. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर पैसे देऊ नयेत.

“पोरांचे चोचले वाढलेत.” सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 आणि 2021 लाही घरं बुडाली. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट इथल्या माणसांनी भिजलेले संसार उपसलेत. त्यांची मुलं वरचा मजला मागतात, पूररेषा विचारतात. याला चोचले म्हणणं अन्याय आहे.

जागा पसंत पडली तरी इसार देण्याआधी महापालिकेत निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा बघून घ्यावी. आणि कर्ज नामंजूर झालं तर इसार किती दिवसांत परत मिळेल, हे इसारपावतीवरच लिहून घ्यावं.