उभा दगड, आडवा दगड

मावसभावाने सिटी सेंटरच्या बाजूला घर बांधलं त्याला तीन पावसाळे झाले. समोरची अख्खी भिंत मिंट पत्थरने मढवलेली. आपल्या ग्वाल्हेरचाच तो फिकट हिरवट-पांढरा दगड. गृहप्रवेशाला आम्ही सगळ्यांनी त्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढले होते. आता वहिनी रोज सकाळी पोर्च झाडते तेव्हा केरात पापडासारखे पातळ तुकडे निघतात. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "भाईसाहब, पत्थर ही खराब निकला, खदान ही ऐसी थी." दादाने मान डोलावली. मी तिथे गप्प बसले, पण तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. मला दगडाची बाजू घ्यायची आहे.

आपल्याकडचा दगड म्हणजे वालुकाश्म. पाण्याखाली वाळूचे थर एकावर एक बसत गेले, दाबले गेले, चिकटले, त्याचा हा खडक झाला. किल्ल्याच्या डोंगरावर जो विंध्य वालुकाश्म आहे त्याचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातल्या आमच्या वाड्याच्या चौकात एक फरशी होती, तिच्यावर नदीकाठच्या ओल्या वाळूवर उमटतात तशा लाटांच्या बारीक रेघा होत्या. लहानपणी मी तिच्यावरून अनवाणी पाय घासत बसायची. आईला वाटायचं कारागिराने टाकीने तसं केलंय. ती कारागिरी पाण्याची होती हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

तर या दगडाला पदर असतात. चिरोट्याला असतात तसेच. पुण्याहून भाचा आला की विचारतो, मावशी, तुमच्याकडे छपरंसुद्धा दगडाची कशी गं? अरे, तुमचा काळा दगड लाव्हाचा, त्याला असे पदर नाहीत. त्याचे चिरे घडवायला पाथरवटाचा घाम निघतो. आमच्याकडे खदानीत ओळीने पाचरा ठोकल्या की पदर सुटतो आणि लांबच्या लांब पटिया, म्हणजे दगडाची फळीच, हातात येते. म्हणून लष्करातल्या जुन्या घरांचं छत पटियांचं, जिन्याच्या पायऱ्या पटियांच्या, छज्जा पटियांचा, आणि तो तोलणारे तोडेही दगडाचेच. या पदरांनीच आपलं गाव बांधलंय.

पण पदर आले की त्यांचा नियमही आला. आमच्या वाड्याचा दर्शनी चबुतरा दुरुस्त केला तेव्हा मी नववीत होते. म्हातारे मिस्त्री यायचे, सगळी गल्ली त्यांना चच्चा म्हणायची. ते प्रत्येक दगडावर आधी हातोडीने टिचकी मारायचे. खणखणीत वाजला तर ठेवायचे, बद्द वाजला तर बाजूला. मग दगड ओला करून त्याच्या कडेकडे बघत बसायचे. पदर कुठल्या दिशेने जातात ते ओल्या कडेवर दिसतं. हाताखालच्या पोराने एकदा घाईत एक चिरा उभा बसवला, तर चच्चांनी चुना ओला असतानाच तो उपटून काढायला लावला. "पट बिठाओ, खड़ा नहीं." एवढंच बोलले. दगड खाणीत जसा आडवा पडलेला असतो तसाच भिंतीत आडवा बसवायचा.

कारण साधं आहे. आडव्या बसवलेल्या दगडात वरच्या भिंतीचं वजन सगळे पदर एकमेकांवर दाबून धरतं. बाहेर फक्त त्यांच्या कडा दिसतात. उभा केला की वजन पदरांना धरून ठेवत नाही, आणि सगळ्यात बाहेरचा पदर रस्त्याकडे तोंड करून उघडा राहतो. पाणी दोन पदरांच्या मध्ये उतरतं, पाण्याबरोबर क्षार येतात, मे महिन्यात आपल्याकडे भिंतीला हात लाववत नाही इतकी ती तापते, क्षार सुकून फुगतात आणि पदर सुटतो. पहिला गेला की दुसऱ्याची पाळी.

आता दादाच्या भिंतीकडे बघा. क्लॅडिंग म्हणजे दगडाची बोटभर जाडीची पाटी. ती बहुतेक वेळा पदराच्या अंगानेच निघते, तशीच मशीनवर मापात कापायची आणि सिमेंटने भिंतीला उभी चिकटवायची. म्हणजे घरातला एकूण एक दगड उभा! वर छज्जा नाही, कारण छज्जा 'आउटडेटेड' दिसतो. पाऊस थेट तोंडावर. सगळ्याच भिंती सोलतात असं नाही, कसदार दगड तसाही टिकतो. पण जी सोलते तिथे दगड खराब म्हणणं मला पटत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आपल्या दगडी जाळ्यांचं काय? त्याही पातळ, त्याही उभ्या. बरोबर आहे, आणि मला तर खरी गंमत तिथेच वाटते. हजीऱ्याला सूफी संत मोहम्मद गौसचा मकबरा आहे, 16व्या शतकातला. लोक शेजारच्या तानसेनच्या समाधीपाशी जातात, चिंचेचा पाला चावतात, डिसेंबरात समारोहाला येऊन गाणं ऐकतात आणि परत जातात. पुढच्या वेळी दहा मिनिटं काढून मकबऱ्याच्या भोवतीने चाला. एकेका पाटीतून कोरलेल्या जाळ्या, नक्षी ठिकठिकाणी वेगळी, आणि आत उन्हाचे कवडसे. ज्यांनी हे केलं त्यांना पदराचा नियम ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. म्हणून तर वर नजर टाकली की केवढा रुंद छज्जा दिसतो. जाळी उभी करणं भाग होतं, तर तिच्या डोक्यावर आडोसा धरला. नियम कुठे मोडायचा हे कळत होतं आणि मोडल्यावर काय भरपाई करायची हेही.

उरवाई घाटीच्या चढावर किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळात, 15व्या शतकात, कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. तिथे चिरा निवडायची सोयच नव्हती, समोर असेल तो कडा. पण कड्यातले पदर मुळातच आडवे.

जयविलास महालाच्या झुंबरांची आणि ती टांगण्याआधी छतावर चढवलेल्या हत्तींची गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतो आपण. ही दुसरी मात्र कुणी सांगत नाही: 1880च्या दशकात मेजर कीथ नावाचे ब्रिटिश अधिकारी इथल्या जुन्या इमारतींची डागडुजी बघत होते. त्यांनी ग्वाल्हेरच्या कारागिरांकडून एक मोठी कोरीव दगडी वेस करवून घेतली. ती कलकत्त्याच्या प्रदर्शनात गेली, तिथून लंडनला. 1886च्या तिथल्या प्रदर्शनात ती उभी होती आणि आज ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. कीथसाहेबांचं नाव सगळ्या नोंदींत सापडतं. ज्यांनी टाकी चालवली त्यांच्यातल्या कुणाचं तुम्हाला माहीत आहे का?

जुन्या लष्करातही आता दुरुस्ती म्हणजे सिमेंट. दगडांच्या सांध्यातला चुना खरवडायचा आणि सिमेंट भरायचं, वरून ऑइल पेंट. चुना दगडापेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो. झिजायचं तर चुना झिजतो आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट घट्ट. ओल अडते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगड भुगा होतो. पाटणकर बाजारातून चालत जा, सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि मधले दगड आत खचलेले दिसतील. उलटी झीज. आमच्याही एका भिंतीला हे झालंय, आमच्याच परवानगीने, त्यामुळे दुसऱ्यांना नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही.

आणखी एक. रस्त्याच्या कडेला कटर लावून कोरडा दगड कापणारी पोरं दिसतात, तोंडाला फार तर एक गमछा. ती पांढरी धूळ छातीत बसते आणि तिथून निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळदा टीबी समजून औषधं चालू राहतात. कापताना पाणी सोडलं तर धूळ बरीच कमी होते. तुमच्या घराचं काम चालू असेल तर निदान तेवढा पाण्याचा पाइप द्या. मी हे दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फोटो काढत होते.

आमचा वाडा आता भाऊबंदांत वाटला गेलाय आणि चौकाचा भाग पुढच्या महिन्यात पडणार आहे. लाटांच्या रेघांची ती फरशी मी मागून घेतली आहे, कुणी नाही म्हणालं नाही. बाकीच्या पटिया भंगाराच्या भावाने जाणार असं दिसतंय. जनकगंज, दौलतगंज, कंपू, कुठेही जुनं घर उतरत असेल आणि पटिया, तोडे किंवा जाळी निघत असेल तर मलब्यात टाकू नका, मला मेसेज करा. टेम्पोचं भाडं मी देईन. फक्त मजुरांना सांगा, चढवताना आडवी ठेवू नका, टेम्पोत उभीच न्या. आडवी ठेवली तर खड्ड्यात मधोमध तडकते. हेही चच्चांकडूनच शिकले.