पेटी, संत्रं आणि हजार कार्डं

मी पेटी दुरुस्त करतो. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात चुका काढण्यापेक्षा पेटीचे सूर लावलेले बरे, असं ठरलं. ठरवलं बायकोनं.

धंदा म्हटला की कार्ड आलंच. नागपूरच्या बर्डीवरच्या एका छपाईच्या दुकानात गेलो आणि चार ओळींची चिठ्ठी दिली: नाव, ‘पेटी दुरुस्ती व सूर लावणे’, फोन, पत्ता. म्हटलं, शंभर छाप.

पोरगा हसला. “काका, ऑफसेटला हजाराच्या खाली परवडतच नाही. शंभर डिजिटलवर काढून देतो, पण एकेक कार्ड महाग पडते.” हजारांचा नि शंभरांचा भाव ऐकला आणि मोहात पडलो. रोज एक वाटलं तरी पावणेतीन वर्षं पुरतील, हा हिशेब घरी आल्यावर केला.

कार्ड साडेतीन बाय दोन इंचांचं. तेवढ्यातही माझ्या चार ओळींभोवती उरलेल्या पांढऱ्या जागेकडे तो पोरगा वर्धा रोडवरचा रिकामा प्लॉट पाहावा तसा पाहत होता. “काहीतरी टाका ना काका, लय सुनं सुनं दिसून राहिलं.”

घरी विचारलं, ही चूक झाली. बायको म्हणाली, “बी.कॉम. लिहा.” पेटीला काय कळणार बी.कॉम.? पुण्याच्या मेहुण्यानं फोनवर सुनावलं, “पेटी काय, संवादिनी म्हणा!” मुलगा म्हणाला, क्यूआर कोड पाहिजेच. पेटीत सूर देणाऱ्या रीडची पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. आलेल्या प्रत्येकानं थोडं थोडं घासलं की रीड कामातून जाते. पण हे मी पेटीबद्दल शिकलो होतो, कार्डाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी पोराशेजारी स्टुलावर बसलो. मजकूर मोबाईलवरून पाठवला होता. त्याच्या डिझाईनच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये जाताच ‘दुरुस्ती’ची वेलांटी घसरून शेजारच्या शब्दाला टेकली. ती नीट झाल्यावर म्हटलं, “पेटीचं चित्र टाक.” स्क्रीनवर आधी ट्रंक आली, मग तिजोरी, मग पियानो.

“हेच ना काका?”

“याला भाता कुठंय?”

“भात?”

शेवटी त्यानं स्वतःच्या अकलेनं मधोमध एक संत्रं ठेवलं. “नागपूरचं आहे, कळलं पाहिजे ना!” खरं सांगतो, स्क्रीनवर ते इतकं रसरशीत दिसत होतं की मीच विरघळलो. पाठीमागचा क्यूआर कोडही त्यानं मॅचिंग म्हणून फिक्या नारिंगीत टाकला. कागद साडेतीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वर मॅट लॅमिनेशन. “हातात घेतल्यावर वजन वाटलं पाहिजे काका.”

आठवड्यानं डबे आले. संत्रं विटकरी झालं होतं. पोरगा शांतपणे म्हणाला, “स्क्रीनवर उजेडाचा रंग असते काका, छपाईत शाईचा. चार शाईंत इतका चमकदार नारिंगी निघत नाही.” हे त्याला आधीपासून माहीत होतं. आणि क्यूआर कोड? पांढऱ्यावर फिका नारिंगी. कॅमेऱ्याला गडद चौकोन आणि कोरी जागा यांत फरकच कळेना. मुलानं तीन फोन धरून पाहिले. मग त्याच्या जागी हातानंच काही लिहू म्हटलं, तर लॅमिनेशनवर बॉलपेन घसरायचा. रीड घासताना तिच्या जिभेखाली आधाराला पातळ पट्टी सरकवावी लागते. निदान तिथं तरी कार्ड वापरू, तर तेही जाड पडलं. वजन मात्र वाटत होतं.

तरी वाटली. भाजीवाल्याला, डॉक्टरांना, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला. महिनाभर फोन शांत. मग परवा काटोलहून एक आला.

“काका, तुम्ही पेट्या दुरुस्त करता ना?”

“करतो ना!” माझा आवाज काळी चारला गेला.

“बरं झालं बाप्पा. दीडशे आहेत. खिळे तुमचे का आमचे?”

मी गप्प. समोर टेबलावर विटकरी संत्रं, त्याखाली ठळक ‘पेटी दुरुस्ती’. त्या माणसाचं काय चुकलं?

“अहो, मी वाजवायची पेटी दुरुस्त करतो. हार्मोनियम.”

तिकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग, “असं होय! आमच्या भजनी मंडळाची पण आहे ना एक. भाता फाटला आहे, दोन सूर वाजतच नाहीत. पाहून देता का?”

“देतो!”

“मग रविवारी याच. आणि येऊनच राहिले, तर हातोडी पण घेऊन या.”

कानस, चामडं, सरस सगळं पिशवीत भरलं आहे. हातोडी शेजाऱ्याकडून आणली.